‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’

रुग्णालयातून बरा होऊन घरी आलेल्या माणसाला भेटायला जावे, म्हणजे त्याच्या तोंडून तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांनी केले, बिल किती झाले आणि ‘सिस्टर मात्र फार चांगल्या होत्या हो!’ क्वचित याच्या उलट, ‘सिस्टर भारी खडूस!’ डॉक्टरांच्या बाबतीत त्याने शिक्षण, अनुभव, हाताचा गुण, सगळी चौकशी आधीच केलेली असते. सिस्टरांच्या बाबतीत चौकशी स्वभावापाशी संपते. चांगली म्हणजे गोड बोलणारी आणि हाक मारल्याबरोबर येणारी. तिला तिचे काम येत होते का, हा प्रश्न कोणाच्या मनातच येत नाही. जणू ते काम म्हणजे घरातल्या आजाऱ्याची उस्तवार; बायकांना ती उपजत येते, अशी आपली समजूत!

मी छत्तीस वर्षे या व्यवसायात काढली. पहिली बारा वर्षे वॉर्डात आणि पुढची सारी पाठ्यनिर्देशिका म्हणून. हा सरकारी शब्द वाचकांच्या परिचयाचा नसेल. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणारी ती पाठ्यनिर्देशिका. (आता विद्यार्थीही असतात, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.) या नोकरीत दरवर्षी एका प्रश्नाचे उत्तर मला द्यावे लागे. समोर पांढऱ्या गणवेशात उभी असलेली ही एकवीस-बावीस वर्षांची मुलगी उद्यापासून रात्रपाळीत, स्वतःच्या जबाबदारीवर, तीस-चाळीस रुग्ण सांभाळायला सक्षम आहे की नाही? उत्तरासाठी कागदावर एक रकाना असे आणि त्याखाली सहीची जागा. एवढ्याशा रकान्यात काय काय मावते, याचा विचार मी तेव्हाही करत असे आणि निवृत्तीनंतरही तो सुटलेला नाही.

परीक्षेचे चित्र साधारण असे असते. विद्यार्थिनीला एक रुग्ण नेमून दिला जातो. तिने ड्रेसिंगचा ट्रे मांडायचा, हात धुवायचे, जखम साफ करायची, पट्टी बांधायची आणि मग परीक्षकांच्या तोंडी प्रश्नांना उत्तरे द्यायची. हुशार मुलगी हे सारे बिनचूक करते. चिमटा कोणत्या बाजूला, गॉझचे तुकडे किती, सगळे पुस्तकाबरहुकूम. अशीच एक मुलगी मला आठवते. तिचे ड्रेसिंग पाहून बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खूश झाल्या. पण ड्रेसिंग चालू असताना रुग्ण दोनदा तोंड फिरवून कण्हला, त्याच्या कपाळावर घाम आला, हे तिने पाहिलेच नव्हते. तिचे सारे लक्ष ट्रेवर होते. तिला गुण द्यायचे ते ट्रेचे की रुग्णाचे? परीक्षेच्या तक्त्यात घामाला रकाना नव्हता.

यावरून ट्रेला महत्त्व नाही, असा अर्थ कोणी काढू नये. हात तयार नसेल तर मायेचा काही उपयोग नाही. सलाईनचेच पाहा. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ५०० मिलिलिटर चार तासांत. आता सलाईनच्या नळीतून एका मिलिलिटरला किती थेंब पडतात, हे त्या सेटवर अवलंबून असते. वीस थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब, पंधराचा असेल तर ३१. लहान मुलांसाठी वापरतात त्या सेटमधून एका मिलिलिटरला ६० थेंब पडतात. हा हिशेब चुकला, तर हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचायला वेळ लागत नाही. हे गणित रात्री तीन वाजता, एकीकडे दुसरा रुग्ण ओकत असताना करायचे असते.

इन्सुलिनची गोष्ट तर याहून नाजूक. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशी दोन्ही शक्तीची इन्सुलिन मिळतात आणि दोहोंसाठी सिरिंजही वेगवेगळ्या असतात. एकीचे टोपण लाल, दुसरीचे नारिंगी. १०० शक्तीचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. सकाळी तो बेशुद्ध सापडतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम आम्ही मुलींकडून पाढ्यासारखे घोकून घेतो, ते एवढ्यासाठी. सक्षमतेच्या इमारतीचा हा पाया आहे. पायाशिवाय इमारत उभी राहत नाही. मात्र नुसत्या पायावर कोणी राहायलाही जात नाही.

पायाच्या वर काय असते, ते मी पुस्तकात शिकले नाही. मी नुकतीच पास होऊन शस्त्रक्रियेच्या वॉर्डात लागले होते. रात्रपाळीला माझ्याबरोबर आठ-नऊ वर्षे नोकरी झालेल्या एक सिस्टर होत्या. पोटाचे ऑपरेशन झालेला तिशीतला एक तरुण रात्री अस्वस्थ झाला. सारखा कूस बदलत होता, चादर चिमटीत धरून ओढत होता. रक्तदाब ११० - ७०, म्हणजे ठीक. नाडी ११८. सिस्टर त्याच्या मनगटावर बोटे ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटले, त्या पुन्हा नाडी मोजत आहेत. प्रत्यक्षात त्या त्याचा श्वास मोजत होत्या. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की त्याची लय बदलते, म्हणून नाडी मोजण्याचे निमित्त करायचे असते. श्वास मिनिटाला २८ होता.

त्यांनी निवासी डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे छत्तीस तासांचे जागलेले. म्हणाले, ‘‘बीपी चांगलं आहे ना सिस्टर? टाके दुखत असतील. झोपेचं इंजेक्शन द्या.’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘मी देणार नाही, डॉक्टर. तुम्ही येऊन एकदा बघा आणि मग तुमच्या हातानं द्यायचं असेल तर द्या.’’ आवाज चढला नव्हता, पण त्यात माघारही नव्हती. डॉक्टर चिडून आले. रुग्णाची पापणी खाली ओढून पाहिली, पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. आत रक्तस्राव होत होता. अर्ध्या तासात त्याला पुन्हा टेबलावर घेतले. तो वाचला.

तरुण माणसाचे शरीर रक्त कमी पडू लागले तरी बराच वेळ रक्तदाब टिकवून धरते. आधी नाडी आणि श्वास वाढतात, मन सैरभैर होते. रक्तदाब कोसळतो तो सगळ्यांत शेवटी. तो कोसळेपर्यंत थांबले, तर हातात थोडाच वेळ उरतो. हे शरीरशास्त्र मलाही ठाऊक होते, मी त्यात चांगले गुण मिळवले होते. सकाळी चहा घेताना मी सिस्टरांना विचारले, तुम्हाला नक्की कशावरून कळले? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, त्याच्याकडे बघून मला बरं वाटेना. मग मोजलं.’’ बरे वाटेना हे आधी, मोजणे त्यानंतर. हा क्रम माझ्या मनात कायमचा राहिला.

पुढे कितीतरी वर्षांनी पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन विदुषीचे पुस्तक वाचनात आले, तेव्हा त्या ‘बरं वाटेना’चा थोडाफार उलगडा झाला. स्वतः परिचारिका असलेल्या बेनरबाईंनी अनेक परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांना काम करताना पाहिले आणि १९८४ साली आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला होता ड्रायफस या दोन भावांच्या अभ्यासाचा. वैमानिक आणि बुद्धिबळपटू आपापल्या विद्येत कसे तयार होत जातात, याचे निरीक्षण करून या भावांनी पाच पायऱ्या सांगितल्या होत्या. अगदी नवखा, थोडा सरावलेला, सक्षम, प्रवीण आणि शेवटी तज्ज्ञ.

नवखी मुलगी नियमांवर चालते. नियम सोडला तर ती बुडेल, म्हणून तिने नियम सोडूही नये. थोडी सरावली की काही प्रसंग ओळखीचे वाटू लागतात. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढली की ती सक्षम होते. म्हणजे दहा कामांतले आधी कोणते, नंतर कोणते, हे ती स्वतः ठरवू शकते. प्रवीण परिचारिकेला रुग्णाचे चित्र सुटे सुटे न दिसता अखंड दिसते. आणि तज्ज्ञ परिचारिकेला ‘बरं वाटेना’. तिच्या नजरेखालून असे शेकडो रुग्ण गेलेले असतात, त्यामुळे काही तरी बिनसले आहे हे तिला कारण सांगता येण्याआधीच जाणवते. हे दैवी देणे नव्हे. ते वर्षानुवर्षांच्या पाहण्याचे साठलेले व्याज आहे.

या मांडणीतल्या दोन गोष्टी आपल्याकडे फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत. पहिली अशी, की ‘सक्षम’ ही पायरी शेवटची नसून मधली आहे. आपण मात्र पदविका हातात पडली, कौन्सिलकडे नाव नोंदले गेले, की मुलगी सक्षम झाली असे धरून चालतो. वास्तविक त्या दिवशी ती जेमतेम दुसऱ्या पायरीवर असते. तिला तिसऱ्या पायरीवर न्यायला शेजारी कोणी तरी जाणती लागते. दुसरी गोष्ट याहून अडचणीची. कौशल्य त्या त्या जागेशी बांधलेले असते. बाळंतपणाच्या वॉर्डात तज्ज्ञ असलेली परिचारिका उद्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरसमोर उभी केली, तर तिथे ती नवखीच. आपल्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मात्र परिचारिका म्हणजे कुठल्याही खाचेत बसणारा खुंटा. आज मेडिसिन, उद्या अपघात विभाग, परवा जिल्हा बदलून बदली. दहा वर्षे एके ठिकाणी घासून तयार झालेली नजर एका आदेशाने निकामी होते आणि त्या कागदावर ‘प्रशासकीय कारणास्तव’ असे लिहिलेले असते. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा अनेक ठिकाणी रातोरात अतिदक्षता विभाग उभे राहिले. खाटा आल्या, यंत्रे आली. त्या यंत्रांशेजारी उभे राहायला तयार झालेली माणसे मात्र रातोरात तयार करता येत नव्हती. हे त्या दोन वर्षांत ज्यांनी पाहिले, त्यांना बेनरबाईंचे पुस्तक वाचण्याची गरज नाही.

कोणी विचारील, सक्षमतेसाठी मग पदव्यांची गरजच काय? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले आपल्या गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. या आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत, ठरलेली लक्षणे दिसली तर जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या स्त्रियांकडे पदवी नव्हती. पण नेमके कोणते काम करायचे ते ठरलेले होते, ते हातात बसेपर्यंत शिकवलेले होते आणि त्यांच्या कामाची व नोंदींची तपासणी सतत होत होती.

दुसरे उत्तर युरोपातले. २०१४ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये नऊ देशांतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास आला. परिचारिकांमध्ये पदवीधरांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. या दोन उत्तरांत मला विरोध दिसत नाही. काम ठराविक असेल, तर थोडे शिक्षण आणि भरपूर तपासणी यांवर ते उत्तम होऊ शकते. पण रुग्णालयाच्या वॉर्डात कोणत्या खाटेवर काय वाढून ठेवले आहे, हे ठरलेले नसते. तिथे तर्क करायला शिकलेले डोके लागते. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे. शिकवणारे खरे हवे आणि तपासणारे त्याहून खरे.

आणि एवढे सगळे जमले तरी संख्येचा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली जे दाखवून दिले, ते प्रत्येक आरोग्यमंत्र्याने टेबलाच्या काचेखाली ठेवावे असे आहे. परिचारिकेच्या वाट्याला एक जादा रुग्ण आला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एक रुग्ण! तिथल्या वॉर्डांत एका परिचारिकेकडे चार रुग्ण की आठ, यावर वाद झडत होता. कॅलिफोर्निया राज्याने तर १९९९ साली कायदाच करून हे प्रमाण बांधून दिले. आपल्याकडे रात्री चाळीस खाटा, खाली गाद्यांवर आणखी दहा-बारा आणि दोन परिचारिका, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले, की त्यात काही वावगे आहे असे सांगायला बाहेरचा माणूस लागावा. दोघींपैकी एक सिस्टर औषधे देण्यात आणि दुसरी नोंदी लिहिण्यात गुंतली, की ‘बरं वाटेना’ म्हणायला कोणी शिल्लक राहत नाही. मग टीपीआरच्या तक्त्यावर प्रत्येक खाटेपुढे श्वास २०, २०, २० असा ओळीने उतरतो. पन्नास माणसे एका तालात श्वास घेताना मी फक्त त्या तक्त्यांवरच पाहिली आहेत. त्या मुलीला आळशी म्हणणे सोपे आहे. पन्नास जणांचा श्वास प्रत्येकी पूर्ण एक मिनिट मोजायचा, तर पन्नास मिनिटे नुसती त्यातच जातात. ती आणायची कुठून?

परिचर्येचे यश मोजायला अवघड असते, याचे कारण ते बहुधा न घडलेल्या गोष्टींत असते. शल्यविशारदाने काढलेली गाठ बरणीत घालून दाखवता येते. परिचारिकेने न होऊ दिलेले शय्याव्रण कोणाला दाखवणार? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही, कातडी कोरडी ठेवली नाही, पोषण सांभाळले नाही, तर थोड्याच दिवसांत माकडहाडाशी कातडी लाल होते, फुटते आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अरुणा शानभाग २०१५पर्यंत, तब्बल ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. अरुणाबाईंना कधी पाहिलेही नव्हते, अशा मुली निवृत्तीला आल्या. २०११ साली त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झालेले नाही, याची दखल न्यायालयाने घेतली आणि त्या परिचारिकांची प्रशंसा केली. लोकांनी त्याला ममता म्हटले, आणि ती होतीच. पण नुसत्या ममतेने कातडी शाबूत राहत नाही. चार दशके, तिन्ही पाळ्यांत, सणावाराला आणि संपाच्या दिवसांतही कोणी तरी घड्याळ पाहून ते शरीर वळवत होते आणि वळवताना कातडीचा रंग पाहत होते. परिचर्येतल्या सक्षमतेचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे सारे लिहावेसे वाटले, ती सांगते. निवृत्तीनंतर काही काळ मी एका खासगी नर्सिंग संस्थेत शिकवायला जात असे. इमारत चकचकीत, प्रयोगशाळेत प्लास्टिकचे पुतळे, फी भरपूर. नव्हते ते रुग्ण. संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयात खाटा कागदावर होत्या तितक्या वॉर्डात नव्हत्या आणि होत्या त्यातल्या निम्म्या रिकाम्या. शेवटच्या वर्षाच्या मुलींच्या नोंदवह्या माझ्याकडे सहीसाठी आल्या. प्रत्येकीच्या वहीत तिने स्वतःच्या हाताने केलेल्या वीस प्रसूतींच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, बाळाचे वजन, सारे काही. मी हिशेब केला. सोळा मुली, प्रत्येकी वीस, म्हणजे तीनशेवीस प्रसूती. त्या वर्षात त्या रुग्णालयात तेवढी बाळे जन्मालाच आली नव्हती.

मी मुलींना एकेकीला बोलावून विचारले. एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, ‘‘मॅडम, खरं सांगू? मी स्वतः तीन केल्यात. बाकीच्या पाहिल्या. एका बाळंतिणीभोवती आम्ही सोळा जणी उभ्या. मागच्यांना तर तिचे पायसुद्धा दिसत नव्हते. मी करू कुठे?’’ वडिलांनी शेत गहाण ठेवून तिला शिकायला पाठवले होते. मी सही केली नाही. प्राचार्यांनी समजावले, संस्थाचालकांनी सुनावले. मुलींचे नुकसान कशाला करता, सगळीकडे असेच चालते, नोकरीला लागल्यावर शिकतील. मला एकच दिसत होते. बाळंत झाल्यानंतर रक्त वाहू लागले, तर बाईच्या हातात फार वेळ नसतो. गर्भाशय हाताला घट्ट लागते आहे की लोण्यासारखे मऊ, हे पुतळ्यावर कळत नाही. ते कळायला बोटांना पंधरा-वीस पोटांची ओळख असावी लागते. ‘नोकरीला लागल्यावर शिकतील’ म्हणजे कोणाच्या तरी लेकीवर शिकतील, आणि ती लेक बहुधा गरिबाची असणार.

मी ते काम सोडले. वह्यांवर आठवडाभरात दुसऱ्या कोणाच्या तरी सह्या झाल्या. ती शेतकऱ्याची मुलगी मात्र माझ्या घरी आली आणि म्हणाली, ‘‘सही राहू द्या मॅडम, पण मला शिकवा.’’ ओळखीने, रीतसर परवानगी काढून, एका प्रसूतिगृहात तिची सोय झाली. दोन महिने ती रात्रपाळीला जात होती आणि तिथल्या जुन्या सिस्टर तिच्या हातावर आपला हात ठेवून शिकवत होत्या. ती तयार झाली. राहिलेल्या पंधरा जणी कुठे आहेत, मला ठाऊक नाही. त्यांची नावे नोंदणीपुस्तकात आहेत आणि त्यांच्या हाताखाली बायका बाळंत होत असतील.

हे एका संस्थेपुरते असते, तर लिहिले नसते. मध्य प्रदेशात अलीकडच्या वर्षांत नर्सिंग महाविद्यालयांचा घोटाळा गाजला. इमारत, शिक्षक, रुग्णालय यांतले काहीच धड नसताना मान्यता मिळवलेल्या संस्थांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेली आणि २०२४ साली तपासणाऱ्यांतलेच काही जण लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. १९४७च्या कायद्याने देशात परिचारिकांच्या शिक्षणाचे एकसमान मान ठरले. २०२१ साली पदवीचा अभ्यासक्रम बदलला, त्यात ‘सक्षमता’ हा शब्द ठायी ठायी आला. २०२३ साली संसदेने परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला. शब्द उत्तम आहेत. पण कायद्यातल्या सक्षमतेची शेवटी सही होते ती वॉर्डात आणि त्या वॉर्डात रुग्ण, वेळ व शिकवणारी जाणती सिस्टर या तीन गोष्टी नसतील, तर ती सही खोटी असते.

आणखी एक गोष्ट लागते आणि तिला पैसा पडत नाही. एका रुग्णालयात आमच्याकडे एक वयस्क सर्जन होते. राऊंड घेताना निवासी डॉक्टरांची माहिती ऐकून झाली, की प्रत्येक खाटेपाशी ते वळून विचारत, ‘‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’’ पहिल्या आठवड्यात नवीन मुली गोंधळत, ‘‘ठीक आहे, सर’’ म्हणत. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात येई, की हा माणूस खरेच विचारतो आहे. मग त्या राऊंडच्या आधी रुग्णापाशी जाऊन बसू लागत. रात्री झोपला का, काल खाल्ले त्यापेक्षा आज कमी का खाल्ले, बायको आल्यावर का रडला, हे सांगू लागत. विचारले जाणार आहे म्हणून पाहणे आणि पाहिले म्हणून कळू लागणे, असा तो प्रवास असे. त्यांच्या वॉर्डात तयार झालेल्या मुली पुढे कुठेही ओळखू येत. याउलट, तोंड उघडले की ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ असे ऐकावे लागणाऱ्या वॉर्डात चांगली नजरही वर्षभरात मिटते. काही देशांतल्या रुग्णालयांत आता असा नियमच आहे, की सारे आकडे ठीक असले तरी परिचारिकेला रुग्णाबद्दल काळजी वाटते, एवढ्या एका कारणावरून तातडीचे पथक बोलावता येते. माझ्या त्या रात्रपाळीच्या सिस्टरांना असा नियम मिळाला असता, तर त्यांना डॉक्टरांशी हुज्जत घालावी लागली नसती. त्यांनी ती घातली, हा त्यांचा मोठेपणा. पण रुग्णाचा जीव कोणाच्या मोठेपणावर अवलंबून ठेवू नये.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला एक आखे प्रकरण दिले होते. त्यानंतर औषधे बदलली, यंत्रे आली, नाडी आणि प्राणवायू बोटाला चिमटा लावून कळू लागले. पाहणाऱ्या माणसाची जागा मात्र अजून कशानेही भरलेली नाही. पुढच्या वेळी आपले कोणी रुग्णालयात असेल, तेव्हा सलाईन संपत आली हे सांगायला सिस्टरांना हाक मारालच. त्यासोबत आणखी एक करा. एका वेळी त्यांच्याकडे किती रुग्ण आहेत, ते विचारा. आकडा ऐकून राग आला, तर तो त्यांच्यावर काढू नका. ज्यांनी तो ठरवला त्यांना पत्र लिहा. आणि डॉक्टर राऊंडला येऊन गेले, सारे रिपोर्ट चांगले आहेत असे सांगून गेले, तरी क्षणभर थांबून सिस्टरांनाही विचारा, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ त्या चटकन ‘ठीक आहे’ म्हणाल्या, तर उत्तर मिळाले असे समजू नका. त्या जरा थांबल्या, रुग्णाकडे वळून पाहू लागल्या, तर आपला माणूस चांगल्या हातांत आहे.